कोमट बॉनेट

एका मित्राने बरेच दिवस हेरून ठेवलेली जुनी गाडी पाहायला त्याच्याबरोबर गेलो होतो. साठच्या दशकातली, चार दारांची, गडद हिरव्या रंगाची सलून. जाहिरातीतल्या छायाचित्रांत दिसली होती त्यापेक्षा ती प्रत्यक्षात लहान वाटली. जुन्या गाड्या बहुधा तशाच वाटतात, कारण मधल्या काळात रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या फुगत गेल्या आहेत. विकणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, बोलायला मृदू, शर्टाची इस्त्री कडक. मित्र त्यांच्याशी कागदपत्रांविषयी बोलत होता तेवढ्यात मी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सहज टेकल्यासारखा हात बॉनेटवर ठेवला. बॉनेट कोमट होते. गाडी बंदिस्त शेडमध्ये उभी होती, तिथे उन्हाचा काही संबंध नव्हता. माझ्या हाताकडे त्यांचे लक्ष गेले असावे, कारण आम्ही काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "तुम्ही येणार होतात ना, म्हणून सकाळी जरा फिरवून आणली." मित्राने मान डोलावली आणि पुढचा कागद उलटला. मला मात्र त्या एका वाक्याचे काय करावे ते कळेना. ते आतिथ्य होते की सारवासारव?

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात थोडाफार वावरलेल्या माणसाला गार इंजिनाचे मोल सांगावे लागत नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनातले ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत, उतरलेले असते. व्हॉल्व्हचे गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यांतून सरकते त्या नळ्या, झिजले असतील तर त्यांतून ओघळलेले थेंब सिलिंडरमध्ये साचलेले असतात, आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळ्या धुराचा एक लोट बाहेर पडून सगळी हकिकत सांगून टाकतो. चोक किती ओढावा लागतो, सेल्फ किती वेळ कण्हतो, टॅपेटची टकटक लगेच विरते की रेंगाळते, ऑइलच्या दाबाचा काटा जागेवरून हलायला किती उशीर लावतो, हे सारे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळते आणि एकदाच कळते. तापलेले इंजिनही खरे बोलते, पण वेगळ्या विषयावर: ऑइल पातळ झाल्यावर दाब किती उरतो, गर्दीत अडकल्यावर पाणी उकळू लागते का, बंद करून लगेच सुरू करायला गेले तर ते रुसते का. कोमट इंजिन मात्र दोन्हींविषयी काहीच सांगत नाही. आमच्यासमोर त्या गृहस्थांनी किल्ली फिरवली तेव्हा गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली आणि घड्याळासारखी चालू राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो खोटा असणे शक्य नव्हते. माझी पंचाईत नेमकी तिथेच होती.

विकायला काढलेल्या जुन्या गाडीची नजरेशी पहिली भेट रंगाने होते आणि पुष्कळांची नजर तिथेच फसते. जाणकार आधी फटी पाहतो. दार आणि शेजारचा पत्रा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, बॉनेट एका अंगाला अधिक दबले आहे का, दार उघडताना किंचित खाली लटकते का. बुजवलेला अपघात त्या फटींत दिसतो आणि बिजागऱ्यांची झीजही दिसते. मग खिशातून मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक निघते. चाकांच्या कमानींवरून आणि दारांच्या खालच्या कडांवरून ते हळूच फिरवले की पत्रा संपून पुट्टी सुरू होते तिथे त्याची पकड सुटते. (ॲल्युमिनियमच्या बॉडीवर लोहचुंबक फिरवून "सगळी गाडी पुट्टीचीच आहे" असे ठणकावणारे तज्ज्ञही असतात, त्यांना बोलू द्यावे.) गालिचा उचलून खालची ओल चाचपायची, डिकीतले जादा चाक बाहेर काढून त्याखालचा खळगा पाहायचा, कारण गाडी धुणाऱ्याचा आणि रंगवणाऱ्याचा हात तिथपर्यंत क्वचितच पोहोचतो. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडेही वाचून घ्यायचे. २००० सालापासून त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. नक्षी कोरी करकरीत आणि रबर वीस वर्षांचे, अशी जोडी जुन्या गाड्यांत नेहमी भेटते, आणि ती दिसायला देखणी असली तरी वेगात घातक असते.

माझा सर्वांत विश्वासाचा साक्षीदार मात्र क्लचच्या पेडलवरचे रबर आहे. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांच्या अंतरमापकाला पाचच आकडे असत, म्हणजे ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. त्यामुळे तिथे दिसणारा आकडा पहिल्या फेरीचा की दुसऱ्या, हे तो आकडा स्वतः सांगू शकत नाही. पेडलचे रबर सांगते. उजव्या कडेला अधिक झिजलेले, मधल्या रेघा पुसून गुळगुळीत झालेले रबर आणि अंतरमापकावर जेमतेम तीस हजार, अशी विसंगती दिसली की पुढचे सगळे बोलणे जरा सावध कानाने ऐकावे. याउलट रबर नवे कोरे आणि शेजारचे चामडे भेगाळलेले असेल, तर कोणीतरी हा साक्षीदार मुद्दाम बदलला आहे. चालकाच्या बाजूच्या आसनाची कड, स्टेअरिंगवर हात नेहमी टेकतो ती जागा, किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे, ही सगळी एकाच माणसाच्या सवयींची नोंदवही असते. अशा गाडीत दार लावून बसले की जुने चामडे, गादीत भरलेले घोड्याचे केस, थोडे पेट्रोल आणि दमट लोकर यांचा मिळून जो वास येतो, त्याने माझा संशय दर वेळी थोडा ढिला पडतो. विकणाऱ्यांना हे ठाऊक असते. चांगला विक्रेता पाहुण्याला आधी आत बसवतो आणि बॉनेट मागाहून उघडतो.

ज्याला पैसे मोजतो तो पुरावा असतो. पत्रा त्याच्याबरोबर येतो.

हे एकदा लक्षात आले की धुळीला किंमत का येते, तेही समजते. पश्चिम फ्रान्समधल्या एका मालमत्तेवर बायोन नावाच्या वाहतूक व्यावसायिकाने पन्नासच्या दशकापासून गाड्या गोळा केल्या होत्या. संग्रहालय उभारायचे त्याच्या मनात होते, पण धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्या पत्र्याच्या आडोशांखाली वेलींच्या सोबतीने तशाच पडून राहिल्या. २०१४ साली लिलावसंस्थेची माणसे तिथे पोहोचली तेव्हा जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्याखाली एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर सापडली. ती एके काळी ॲलेन डेलॉन या अभिनेत्याची होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती गाडी धुळीसकट मांडली गेली आणि सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. त्याआधी, २००९ साली, इंग्लंडमधल्या एका निवृत्त डॉक्टरच्या गॅरेजात जवळजवळ अर्धे शतक उभी असलेली बुगाटी टाइप ५७एस त्याच्या वारसांनी विक्रीला काढली, तेव्हा ३४ लाख युरोंहून थोडे अधिक आले. २०१३ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या पिअर्स या छोट्या गावात तर एका बंद पडलेल्या शेव्हरोले विक्रेत्याने साठवलेली सुमारे ५०० वाहने मोकळ्या शेतात ओळीने मांडून विकली गेली. त्यांतल्या काही कधीच ग्राहकाकडे गेलेल्या नव्हत्या. १९५८ सालचा एक पिकअप ट्रक जेमतेम १.३ मैल चाललेला होता. त्याला १ लाख ४० हजार डॉलर मिळाले. लोक तिथे फडके घेऊन आले नव्हते. धूळ पुसली तर किंमत पुसली जाईल, या भीतीने हात पाठीमागे बांधून ते गाड्यांत डोकावत होते.

अशा बातम्या वाचताना मला आनंदाबरोबर थोडी चीडही येते. उभी राहिलेली गाडी जपली जात नसते. ती हळूहळू मरत असते, फक्त तिचे मरण दिसत नाही. पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो आणि मागे राहिलेला चिकट डिंक कार्बोरेटरच्या बारीक जेटांमध्ये बसतो. ब्रेकचे नेहमीचे तेल हवेतली ओल ओढून घेते आणि सिलिंडर आतून गंजवते. ज्या भागावर टायर वर्षानुवर्षे टेकलेला असतो तो भाग चपटा होतो. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून आत गेलेली दमट हवा एखाद्या पिस्टनला सिलिंडरशी कायमचे जखडून टाकते. "लावून ठेवली तेव्हा चालू होती" असे जाहिरातीत लिहिलेले असते, आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. एवढेच, की लावून ठेवल्यानंतर काय झाले याविषयी ते वाक्य काही बोलत नाही. रोज वापरलेल्या, दोनदा रंगवलेल्या, तीन मालकांनी दुरुस्त करत करत पुढे आणलेल्या गाडीचे आयुष्य माझ्या दृष्टीने अधिक सन्मानाचे आहे. पण बाजारात बंद दाराआड विसरलेल्या गाडीची गोष्ट जास्त चालते, कारण त्या गोष्टीत नव्या मालकाला शोधक होता येते.

दुसऱ्या टोकाला नव्याहून नवी केलेली गाडी असते. कित्येक दशके मोठ्या स्पर्धांमध्ये तिचेच राज्य होते. शेवटच्या बोल्टपर्यंत गाडी सुटी करायची, पत्रा उघडा करायचा, कारखान्याने कधी दिला नव्हता इतका जाड आणि आरशासारखा रंग चढवायचा, कारखान्याने जिथे साधे काळे वंगण फासून सोडले असेल तिथे क्रोम चढवायचे. समुद्रकाठच्या हिरवळीवर अशा गाड्या उभ्या राहिल्या की त्यांच्याकडे पाहताना दिपून जायला होते आणि थोड्या वेळाने कंटाळा येतो, कारण त्यांत वाचण्यासारखे काही उरलेले नसते. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचवर १९५० पासून भरणाऱ्या स्पर्धेत २०२४ साली पहिल्यांदाच, जतन केलेल्या पण नव्याने न सजवलेल्या गाडीला सर्वोच्च मान मिळाला. ती १९३४ सालची बुगाटी टाइप ५९ होती. शर्यतींत धावून झाल्यावर बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेलेली. तिचा काळा रंग जागोजागी उडालेला आहे. परीक्षकांनी त्या उडालेल्या रंगाला मान दिला, याचा माझ्यासारख्याला आनंद होणे साहजिक आहे. पण लगेच असेही वाटले, की आता झिजलेपणही हुबेहूब घडवून देणारे कारागीर पुढे येतील. तसे ते आलेही आहेत. नव्या चामड्यावर भेगा पाडून देणारी, नव्या रंगाला कोपऱ्यांवर घासून पन्नास वर्षे म्हातारे करणारी माणसे या धंद्यात आहेत, आणि त्यांचे काम इतके कौशल्याचे असते की त्यांना वाईट म्हणवत नाही.

मूळ म्हणजे काय, हा प्रश्न एकदा लंडनच्या न्यायालयासमोर आला होता. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकली होती. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला, त्यात चालक गेला, आणि नंतर ती नव्या रूपात बांधली गेली. पुढे मालकाने ती १ कोटी पौंडांना विकण्याचा करार केला, तेव्हा घेणाऱ्याने पाऊल मागे घेतले: यात शर्यत जिंकलेल्या गाडीचे उरले आहे तरी किती? हिशेब केला तर १९२९ सालचे सुटे भाग बोटांवर मोजण्याइतकेच होते. १९९० साली न्यायाधीशांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. गाडी सलगपणे बदलत आली आहे, मधे कुठे तिचा धागा तुटलेला नाही, आणि ते नाव सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही, असा त्या निकालाचा रोख होता. मला हा निकाल कायद्यापेक्षाही संग्राहकांच्या मनाला समजून घेणारा वाटतो. इंजिनावरचा क्रमांक आणि चासीवरचा क्रमांक जुळतो की नाही यावर मोठाल्या रकमा हलतात ते लोखंडाच्या प्रेमापोटी हलत नाहीत. मधला धागा तुटलेला नाही, एवढीच खात्री लोकांना हवी असते. आणि ती खात्री देणाऱ्या वस्तू किती क्षुल्लक असतात! पेट्रोलच्या पावत्या, पहिल्या सर्व्हिसचे शिक्के मारलेली पुस्तिका, जॅकची मूळ पिशवी, कोणा मुलाचा गाडीला टेकून काढलेला फोटो. घर आवरताना वारस सर्वांत आधी नेमक्या याच गोष्टी टाकून देतात.

कारखान्यांनाही या धाग्याची किंमत उशिरा का होईना कळली. जग्वारने १९६३ साली हलक्या बांधणीच्या अठरा ई-टाइप करायचे ठरवले होते. प्रत्यक्षात बारा झाल्या आणि सहा चासी क्रमांक वहीत तसेच राहिले. २०१४ साली कंपनीने त्या सहा क्रमांकांवर सहा गाड्या हाताने बांधायला घेतल्या. त्या जुन्या म्हणाव्यात की नव्या, यावर शौकिनांचे दोन तट पडले. माझे मत विचाराल तर त्या उत्तम नव्या गाड्या आहेत, आणि एकदा असे म्हटले की भांडणाला जागा उरत नाही. पण भांडणातच ज्यांना रस आहे त्यांना हे पटत नाही.

लिलावाच्या दिवाणखान्यात मात्र या बारकाव्यांना फारशी उसंत मिळत नाही. तिथे पडद्यावरचा आकडा बोलतो. मे २०२२ मध्ये १९५५ सालची मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. अशा दोनच गाड्या बनल्या होत्या आणि दोन्ही तोवर कंपनीच्याच ताब्यात होत्या. त्याआधी २०१८ साली १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरपर्यंत पोहोचली होती. जीटीओ छत्तीस बनल्या असे साधारणपणे मानले जाते. दुर्मीळपणानेच किंमत येते असे म्हणावे, तर कोणाच्याही लक्षात नसलेल्या कारखान्यांच्या त्याहून दुर्मीळ गाड्या धूळ खात पडल्या आहेत. उलट, दीड कोटीहून अधिक बनलेल्या फोर्ड मॉडेल टीला अजून गिऱ्हाईक मिळते, पण भाव साधाच राहतो. २०१९ साली कॅलिफोर्नियात पोर्शच्या नावाशी जोडलेली १९३९ ची टाइप ६४ लिलावाला आली तेव्हा पुकारणाऱ्याने तेरा (दशलक्ष डॉलर) म्हटले आणि पडद्यावर तीस उमटले, कारण इंग्रजीतले हे दोन आकडे कानाला सारखेच लागतात. त्यानंतर चौदाचे चाळीस, पंधराचे पन्नास, असे होत होत पडद्यावर सात कोटी डॉलर झळकले. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, मोबाइल वर गेले, आणि मग सांगण्यात आले की बोली १ कोटी ७० लाखांवर आहे. टाळ्यांची जागा शिट्ट्या आणि ओरडण्याने घेतली आणि गाडी न विकताच परत गेली. त्या सभागृहातल्या श्रीमंत, अनुभवी माणसांपैकी बहुतेकांना सात कोटी अशक्य वाटले नव्हते, ही त्या प्रसंगातली मला सर्वांत मजेदार वाटणारी गोष्ट आहे.

आमच्या हिरव्या सलूनला असल्या आकड्यांशी कर्तव्य नव्हते. मित्राने त्या दिवशी व्यवहार केला नाही. "आणखी एकदा सकाळी लवकर येतो, इंजिन गार असताना," असे त्याने सरळ सांगून टाकले. गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "या की. मी हातसुद्धा लावणार नाही." पुढच्या खेपेला त्यांनी खरोखरच हात लावला नव्हता, काचांवर दव होते. चोक पूर्ण ओढावा लागला, सेल्फ दोनदा कण्हला, आणि मग निळा धूर आला. फार नव्हे, पण आला, आणि थोड्या वेळाने विरला. धूर निघत असताना ते गाडीकडे न पाहता समोरच्या भिंतीकडे पाहत होते. मग म्हणाले, "सकाळी एवढे करते ती. नंतर दिवसभर काही त्रास नाही." मित्राने मागे वळून माझ्याकडे पाहिले. व्हॉल्व्हचे काम निघणार हे आम्हा दोघांना कळले होते, ते किंमतीतून वजा झाले, आणि गाडी मित्राने घेतली. व्यवहार म्हणून यात सांगण्यासारखे काही नाही. पण त्यांना धूर लपवायचा होता की फक्त पहिल्या भेटीत तो दिसायला नको होता, या दोहोंतला फरक मी अजून मनात चाचपत असतो. तो फरक आहे, एवढी माझी खात्री आहे. पाहुणे येणार म्हणून दिवाणखाना आवरणारा माणूस फसवणूक करत नसतो. आणि तरीही मी बॉनेटवर हात ठेवला होता तो टेकण्यासाठी नव्हे.

विकणाऱ्यांविषयी कोणी फारसे लिहीत नाही. घेणाऱ्याचे स्वप्न असते, त्याविषयी भरपूर लिहिले जाते. विकण्याची कारणे बहुधा शरीरात असतात: क्लच जड आहे आणि गुडघा साथ देत नाही, मान मागे वळत नाही, पॉवर नसलेले स्टेअरिंग उभ्या गाडीत फिरवताना खांदा भरून येतो. कधी गॅरेजची जागा जाते, कधी वरचेवर गाडी पुसायला येणारा मुलगा मोठा होऊन दूर जातो. दुरुस्तीच्या बिलांची फाइल समोर ठेवताना त्यांना पक्के ठाऊक असते की फाइलमधली बेरीज मागितलेल्या किंमतीपेक्षा मोठी आहे; ते ती बेरीज कधीच करून दाखवत नाहीत. आणि कागदावर नसलेले पुष्कळ काही त्यांना सांगायचे असते. त्या गृहस्थांनी पैसे मोजून झाल्यावर मित्राला बराच वेळ थांबवून घेतले. दुसरा गिअर गार असताना घाईने टाकू नका, जरा थांबून टाका. पावसात डाव्या दाराची काच अर्धा बोट खाली ठेवा, नाहीतर वाफ धरते. पेट्रोलचा काटा पावाच्या खाली गेला की शून्य समजा. असे ज्ञान प्रत्येक जुन्या गाडीबरोबर असते आणि काही गाड्यांत त्यावर गाडीचा जीव अवलंबून असतो. सित्रोएन डीएसच्या सुरुवातीच्या गाड्यांच्या हायड्रॉलिक यंत्रणेत लाल तेल चालते आणि नंतरच्यांत हिरवे. एकाच्या जागी दुसरे पडले तर सील फुगून किंवा सडून सगळी यंत्रणा बसते, आणि मग ती मोठ्या दिमाखात उठणारी गाडी जमिनीला पोट टेकवून राहते. नव्या मालकाला हे कोणी सांगायचे, तर जुन्यानेच.

मित्रासमोर आता पेट्रोलचाही प्रश्न आहे. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना ज्यांवर आदळतो त्या कडा, शिसेयुक्त पेट्रोलवर पोसलेल्या होत्या; शिशाचा पातळ थर त्यांना आघातापासून वाचवत असे. त्या शिशाने माणसांचे जे केले ते पाहता ते गेले हे फार बरे झाले, आणि २०२१ साली अल्जेरियाने विक्री थांबवल्यावर रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते जगातून संपले. व्हॉल्व्हचे काम निघालेच आहे तर कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात आणि इथेनॉल सोसणारे नवे रबरी पाइप टाकावेत, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. म्हणजे गाडी मूळ राहील की नाही? मित्राने हा प्रश्न मला विचारला तेव्हा मला ओल्ड नंबर वनचे न्यायाधीश आठवले. चालवायची असेल तर बदलावी लागेल, आणि न चालवता मूळ ठेवायची असेल तर त्याने ती घेतलीच कशाला? इंजिन काढून विजेची मोटर बसवण्याचा मार्गही हल्ली पुष्कळजण सुचवतात. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा अशा गाडीला ऐतिहासिक वाहन मानायला तयार नाही, आणि इथे मी फिवाच्या बाजूने आहे. आवाज आणि वास काढून घेतल्यावर उरतो तो सुरेख डबा असतो.

जुनी म्हणायची तरी कधीपासून, याची रेषाही दर वर्षी पुढे सरकत असते. फिवा तीस वर्षे मानते, ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनी गाडीचा कर माफ होतो, अमेरिका परदेशी गाडीला पंचवीस वर्षांनंतर सुरक्षा नियमांतून सूट देऊन आत येऊ देते. त्यामुळे १९९९ सालची निसान स्कायलाइन जीटी-आर २०२४ मध्ये तिथे रीतसर दाखल होऊ लागली. तिच्यावर बोली लावणारी माणसे चाळिशीच्या आत-बाहेरची आहेत. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर लहानपणी ज्या गाडीचे चित्र होते ती त्यांना हवी आहे, आणि त्यांच्या आजोबांच्या भिंतीवरच्या पितळी दिव्यांच्या गाड्यांना हळूहळू गिऱ्हाईक कमी होत चालले आहे. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, पण एक अडचण नवी आहे. १९३० ची गाडी मोडली तर कुशल लोहार-सुतार तिचा कोणताही भाग पुन्हा घडवू शकतो. १९९३ ची गाडी तिच्या संगणकासह म्हातारी होते. त्यातले कपॅसिटर गळतात, डॅशबोर्डचे प्लास्टिक बोट लावताच तडकते, आणि ती चिप बनवणारा कारखाना कधीच दुसऱ्या धंद्यात गेलेला असतो. टोयोटा आणि निसानने त्यांच्या काही लाडक्या मॉडेलांचे जुने भाग पुन्हा बनवायला घेतले आहेत. बाकीच्यांच्या नशिबात मोडीत निघालेल्या भावंडांचे सुटे भाग आहेत.

मॅक्लारेन एफ१ अशा फक्त १०६ गाड्या बनल्या. त्यांतली अगदी थोडी चाललेली एक गाडी २०२१ साली दोन कोटी डॉलरहून अधिक किंमतीला गेली. या गाड्यांच्या देखभालीसाठी नव्वदच्या दशकातला एक विशिष्ट कॉम्पॅक लॅपटॉपच लागतो, कारण गाडीच्या संगणकाशी बोलणारे कार्ड फक्त त्याच्यात बसते, असे कंपनीच्याच माणसांनी काही वर्षांपूर्वी सांगितले होते. तोवर तेही चालू अवस्थेतले जुने लॅपटॉप जमवून ठेवत होते. मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मग त्या लॅपटॉपचा पहिला मालक कोण होता, तेही विचारत असतील."